साहेबांच्या गाडीतला पंखा

बंगळुरात त्या काळी आमच्यासारख्यांच्या घरात पंखे नसत. लागायचेच नाहीत. एप्रिलातसुद्धा संध्याकाळी अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटे. अशा गावात आमच्या साहेबांना मोटारीत पंखा हवा होता, आणि तो मी बसवून दिला. मी म्हणजे घराण्यातला पहिला पदवीधर, बी. ई. इलेक्ट्रिकल. आज ते सगळं आठवलं की आधी साहेबांचा राग येतो, मग माझा. माझा जास्त वेळ टिकतो.

वडील निपाणीला तंबाखूच्या वखारीत हमाल होते. मी शिकलो तो त्यांच्या पाठीवर, हे उगाच म्हणायचं म्हणून म्हणत नाही. त्यांच्या पाठीला पोत्याचा घट्टा पडला होता, तो मी हाताने चोळून दिलेला आहे. शिक्षण संपलं आणि बंगळूरच्या एका सरकारी संशोधन संस्थेत नोकरी लागली. दोन वर्षं प्रोबेशन. संस्थेच्या गाड्या, जनरेटर, लिफ्ट, जे जे म्हणून विजेवर चालतं ते माझ्याकडे. साठच्या दशकाची सुरुवात होती. जयनगरात नवे बंगले उठत होते आणि त्यातल्या एका बंगल्यात साहेब नुकतेच राहायला गेले होते.

साहेबांची गाडी विलायती, काळी, बारा व्होल्टची. तिचा ड्रायव्हर पन्नाशीचा. त्यांचे कुणी पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर कधीकाळी इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. घरात मराठी बोलत, पण ती अशी की आमच्या निपाणीच्या कानालाही ती ओळखायला थोडा वेळ लागावा. 'मी गेलो', तसं 'मी सांगितलो'. मी त्यांना अण्णा म्हणे. ते मला तम्मा म्हणत, कन्नडात धाकट्या भावाला म्हणतात तसं. संस्थेत सगळे मला 'इंजिनेर' म्हणत असताना तो एक शब्द मला घरचा वाटे. दर शनिवारी त्यांच्या घरून माझ्यासाठी डबा यायचा.

पंख्याची गोष्ट अशी झाली. साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "मागच्या सीटवर छोटा पंखा बसवायचाय. बटण माझ्या हाताशी पाहिजे. तुम्ही स्वतः कराल की माणूस पाठवू?" ते 'स्वतः' त्यांनी असं उच्चारलं की पदवीवाल्याला पेचकस धरता येतो का, ते बघतो. मी म्हणालो, स्वतः करतो.

करायला हवी होती ती गोष्ट सरळ होती. बॅटरीपासून पंख्यापर्यंत वेगळी तार ओढायची. पण त्यासाठी गाडीतला गालिचा उचकटावा लागला असता आणि साहेबांना गाडी पाच वाजता हवी होती. त्या गाडीत पेट्रोलचा पंप विजेवर चालणारा होता. तो मागे, डिकीत, टाकीला लागून होता, आणि त्याची तार मागच्या सीटखालूनच जात होती. मी ती तार मधे कापली, तिची दोन्ही टोकं आणि पंख्याची तार एकत्र पिळली आणि वर पट्टी गुंडाळली. सांधा कथील वितळवून, डाख देऊन पक्का करायला हवा होता, पण डाखणी स्टोअरमध्ये, आणि स्टोअर चारला बंद. सोमवारी डाख देऊ म्हटलं. तो सोमवार काही आला नाही. पंखा फिरला, साहेब म्हणाले "गुड", आणि मी घरी पत्र लिहिलं की साहेबांचं काम मी स्वतः करून दिलं.

महिनाभराने गाडी थांबायला लागली.

जयनगरला जाताना एक लांब चढ लागे. त्या चढावर मध्येच इंजिन खोकायचं, दोन आचके द्यायचं आणि बंद पडायचं. साहेब चिडून खाली उतरायचे. दहा मिनिटांनी अण्णांनी चावी फिरवली की गाडी मुकाट्याने चालू. एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्या वेळी गाडीत दिल्लीचे पाहुणे होते, आणि साहेबांना त्यांच्यासकट एका जटक्यात बसून घरी जावं लागलं. घोड्याच्या शेपटीमागे बसून. दुसऱ्या दिवशी ही बातमी संस्थेच्या कँटीनमध्ये माझ्या आधी पोचली होती.

गाडी माझ्याकडे आली. अण्णा शेजारी उभे. बॉनेट उघडायची त्यांना परवानगी नव्हती. ड्रायव्हरने गाडी हाकायची, पुसायची आणि बिघाड झाला तर ऑफिसात जाऊन कारकुनाला सांगायचा. कारकून तो तक्रारवहीत इंग्रजीत लिहिणार आणि वही आमच्याकडे येणार. अकरा वर्षं रोज त्या गाडीच्या पोटातला आवाज ऐकणाऱ्या माणसाने पान्याला हात लावायचा नाही, असा नियम होता, आणि मला तो तेव्हा खटकत नव्हता. हेही लिहून ठेवतो.

वहीत लिहिलं होतं: इंजिन थांबते, कृपया तपासावे.

चावी फिरवली की तो पंप टकटक करतो. पेट्रोल भरलं की टकटक मंदावते, इंजिनाने ओढलं की पुन्हा सुरू होते. मी डिकी उघडली. टकटक व्यवस्थित. टेस्ट लॅम्प लावला, लख्ख पेटला. मग मी पंपाची तार सोडवली आणि तिच्या टोकाला मीटर लावला. बारा व्होल्ट, काटा जागचा हलेना. कॉलेजात आम्हाला असंच शिकवलं होतं, आधी सर्किट तोडा, मग मोजा.

"वीज पोचतेय," मी म्हणालो. "म्हणजे पंपच खराब."

"तम्मा, स्वल्प थांब," अण्णा म्हणाले. "तो पंखा आहे न्हवं, तो लावले की हा टकटक…"

"अण्णा, तुम्ही जरा तो दिवा धरा. बाकीचं मी बघतो."

त्यांनी दिवा धरला.

ते वाक्य पुरं व्हायला आणखी किती वेळ लागला असता? श्वास घेऊन सोडण्याइतका. मी तेवढा थांबलो नाही. मीटर माझ्या हातात होता आणि पदवी माझ्याकडे होती.

पंप काढून बाकावर लावून पाहिला. उत्तम चालला. तरी नवा बसवला. मग चाचणी घेतली, लांबची, थेट व्हाइटफील्डपर्यंत. तेव्हा त्या बाजूला नाचणीची शेतं आणि चार जुनी कौलारू घरं सोडली तर काही नव्हतं. अण्णा चालवत होते, मी त्यांच्या शेजारी पुढच्या सीटवर. गाडी सूतभर अडखळली नाही. येताना त्या चढावरून दोनदा वरखाली केलं. काही नाही. मी गाडी परत दिली.

त्याच संध्याकाळी साहेब बसले आणि गाडी चढावर बंद पडली.

साहेबांनी हिशेब सोपा केला. गाडी बाकीच्यांना चालते, मी बसलो की थांबते. म्हणजे गाडी थांबत नाही, ड्रायव्हर थांबवतो. अण्णांच्या भाचीचं लग्न होतं आणि साहेबांनी त्यांची रजा नाकारली होती, याची कुणीतरी साहेबांना आठवण करून दिली. झालं, कारणही मिळालं. चौकशी लागली. चौकशी साहेबांच्याच खोलीत, साहेबांच्याच समोर, आणि तक्रार साहेबांचीच. गुन्हा शाबित झाला तर नोकरी जाणार होती, नोकरीबरोबर संस्थेची चाळीतली खोली जाणार होती. घरात बायको, आंधळी आई आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली.

चौकशीला एक कागद लागत होता, गाडीत दोष नसल्याचा तांत्रिक दाखला. तो देणारा मी.

मी सही केली. राग येतो म्हणालो ना, तो इथला. कुणी माझा हात धरला नव्हता, कुणी धमकावलं नव्हतं. मीटरने बारा दाखवले होते, पंप नवा होता, गाडी तीस मैल चालली होती. मला खरंच वाटत होतं की दोष नाही. उलट, माझ्या नावापुढे बी. ई. टाइप केलेला तो पहिला सरकारी कागद होता आणि सही जरा मोठीच केली होती मी.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. आत या म्हटलं तर आले नाहीत.

"तू सही केलास म्हणे."

"अण्णा, मी जे मोजलं ते लिहिलं. मीटर काही माझ्या मनाचं सांगत नाही."

"मीटरचं काय चुकलं? तू त्याला अर्धीच गाडी दाखवलास." ते शांतपणे बोलत होते, त्यामुळे मला जास्त लागत होतं. "साहेब बसले की पहिल्यांदा काय करतात? पंखा लावतात. तू लावलास काय, एकदा तरी?"

मी टेबलावरचा मीटर बाजूला सरकवला.

"पंख्याचं बटण मागं. मागं तू बसला नाहीस. मी तर बसणार नाही, अकरा वर्षांत बसलो नाही. साहेबांच्या सीटवर कोण बसतंय? मग पंखा लावणार कोण? मी कारकुनाला सांगितलो. तुला सांगायला आलो, तू दिवा धर म्हटलास."

मी उठून आधी कारकुनाकडे गेलो. अंगाची लाही होत होती आणि राग काढायला दुसरं कुणीतरी हवं होतं. त्याला विचारलं, ड्रायव्हरने पंख्याचं सांगितलं होतं का? तो म्हणाला, हो.

"मग लिहिलं का नाही?"

"साहेबांच्या पंख्याचं नाव तक्रारवहीत कसं लिहायचं, इंजिनेर?" त्याने वही मिटली. "वही साहेबांच्या सहीला जाते. इंजिन थांबतं एवढं लिहिलं, ते खोटं आहे का?"

खोटं नव्हतं. माझा दाखलाही खोटा नव्हता. त्या इमारतीत कुणी खोटं लिहितच नव्हतं, आणि एक माणूस रस्त्यावर येणार होता.

साहेब एका बैठकीत होते, गाडी दोन तास रिकामी होती. मी मीटर घेतला, दोन लांब तारा घेतल्या आणि अण्णांना म्हटलं, चला. या वेळी पंपाची तार सोडवली नाही. जोडलेल्या तारेवरच मीटरच्या तारा लावल्या, सीटच्या फटीतून आत घेतल्या आणि मागचं दार उघडून साहेबांच्या जागेवर जाऊन बसलो. अण्णा दार धरून उभे होते. त्यांनी आधी इमारतीच्या खिडक्यांकडे पाहिलं.

मांडीवर मीटर. पंखा बंद असताना काटा बाराच्या जरा खाली, पंपाच्या प्रत्येक टकटकीबरोबर थरथरत होता. गाडी निघाली. मी बटण दाबलं. पंखा फिरला, तोंडावर गार वारा आला आणि काटा नवावर येऊन पडला. चढ लागला. साडेआठ. आठ. पाठीमागे पंप म्हाताऱ्याच्या पावलांसारखा वाजू लागला, एक टक, मग उशिराने दुसरी. सातच्या खाली काटा गेला आणि इंजिनाने दोन आचके दिले. बरोबर नेहमीच्याच जागी गाडी थांबली.

अण्णांनी हँडब्रेक ओढला. मागे वळून पाहिलं नाही.

मी सीट उचलली आणि सांध्यावर बोट ठेवलं. चटका बसला. पट्टी उकडून मऊ झाली होती आणि आतली पिळलेली तार महिनाभराच्या हादऱ्यांनी सैल पडली होती. चार धाग्यांवर सगळा भार. पंपाला पुरेल इतकी वीज त्यातून कशीबशी जात होती, पंखा लावला की दोघांना पुरत नव्हती. साहेब चिडून खाली उतरताना पंखा बंद करायचे, सांधा निवायचा, दहा मिनिटांत सगळं सुरळीत. आणि तार सोडवून मोजली की तिच्यातून काही वाहतच नाही, मग सैल सांधाही बारा व्होल्ट दाखवणारच. रिकाम्या उभ्या हमालाकडे पाहून त्याची कंबर धड आहे का ते कळत नाही, पाठीवर पोतं द्यावं लागतं. हे मला, त्या घरात वाढलेल्याला, कुणी शिकवायला हवं होतं का?

"माझाच सांधा आहे, अण्णा," मी म्हणालो.

"गोत्तु," ते म्हणाले. माहीत आहे.

संध्याकाळी मी साहेबांच्या खोलीत गेलो. दाखला मागे घेतो म्हणालो आणि काय सापडलं ते सांगितलं. काटा कुठून कुठे आला तेही सांगितलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही माझ्या सीटवर बसलात?"

एवढंच. एका माणसाची नोकरी जात होती, त्याबद्दल नाही. पंख्याबद्दल नाही. मी हो म्हणालो.

ते बराच वेळ पेनाचं टोपण लावत आणि काढत राहिले. मग म्हणाले, वायरिंगमध्ये दोष होता, तो दुरुस्त केला, असा अहवाल द्या. पंख्याचा उल्लेख नको. ड्रायव्हरवरचा आरोप मी सोडून देतो, मात्र दोष वेळेवर कळवला नाही म्हणून त्याला लेखी ताकीद जाईल. त्याच्या सेवापुस्तकात नोंद होईल.

"त्यांनी कळवला होता, साहेब."

"वहीत आहे?"

वहीत नव्हता. तिथे मला कळलं की ती वही नेमकी कशासाठी असते.

"मला सांगितला होता," मी म्हणालो. "तोंडी. मी ऐकलं नाही."

"ते वाक्य तुम्ही लिहिणार नाही. तुमचं प्रोबेशन चालू आहे."

मी माझ्या खोलीत आलो. वडील आठवले. वखारीतल्या मुकादमासमोर त्यांनी कितीदा मान खाली घातली असेल. मी शिकलो तो मान वर ठेवता यावी म्हणून, आणि पहिल्याच संधीला दुसऱ्याची मान दाबायला माझी सही कामाला आली होती. मी अहवाल लिहिला. पंखा लिहिला, सांधा लिहिला, सांधा कुणी केला ते लिहिलं. शेवटी लिहिलं की चालकाने हा दोष पहिल्याच दिवशी मला तोंडी सांगितला होता आणि मी तो ऐकून घेतला नाही. तीन प्रती काढल्या. एक साहेबांना, एक चौकशीच्या फायलीला, एक वरच्या कार्यालयाला. वरच्या कार्यालयाला प्रत पाठवायची हा नियमच होता, फक्त तो कुणी पाळत नसे.

ताकीद निघाली नाही. माझं प्रोबेशन वर्षभर वाढलं. साहेबांनी माझ्याशी नंतर पंख्याचा विषय काढला नाही आणि साध्या कामाचाही नाही. मला कुणी शाबासकी द्यावी म्हणून हे सांगत नाही. मी फक्त माझीच घाण काढली होती, आणि तीही दुसऱ्याच्या दारातून.

अहवालाची माझी प्रत मी अण्णांना वाचून दाखवली, इंग्रजीतून मराठी करत. पार्किंगच्या आवारात, गाडीला टेकून. शेवटचं वाक्य आलं तेव्हा ते म्हणाले, "एवढंच तर मी त्या दिवशी सांगितलो होतो. त्याला तीन पानं लागली तुला?"

मग मी काम केलं. गालिचा उचकटला, बॅटरीपासून पंख्याला वेगळी तार ओढली, पंपाच्या तारेचा सांधा डाख देऊन पक्का केला. दिवा अण्णांनीच धरला. या वेळी मी म्हणालो नव्हतो, त्यांनी स्वतःहून उचलला. मधे एकदा म्हणाले, "तिथं रबर घाल, पत्र्याची धार आहे." मी रबर घातलं.

काम संपल्यावर चावी फिरवली. टकटक सुरू झाली, दमदार आणि सारखी. आता कुणीतरी मागे बसून पंखा लावायला हवा होता. मी दार उघडलं आणि म्हणालो, "अण्णा, आज तुम्ही बसा. बटण दाबा. बघू तर खरं."

त्यांनी त्या सीटकडे पाहिलं. मग माझ्याकडे. फडकं खांद्यावर टाकलं.

"तुम्हीच बसा, साहेब," ते म्हणाले. "तुम्हाला सवय झाली आता."

त्यात विष नव्हतं. थट्टाच होती, आणि ते हसलेसुद्धा. पण त्यानंतर मी त्या संस्थेत सात वर्षं होतो आणि त्यांच्या तोंडून तम्मा पुन्हा आलं नाही. शनिवारचा डबा यायचा बंद झाला नाही. डबा येत राहिला, शिपायाच्या हातून, 'इंजिनेर साहेबांना' म्हणून.

त्या दिवशी मी मागे बसलो, अण्णांनी गाडी रस्त्यावर काढली आणि मी बटण दाबलं. पंखा फिरला. टकटक जराही मंदावली नाही. पुढच्या आरशात अण्णांचे डोळे दिसत होते. ते रस्त्याकडे बघत होते.